द्वारकाबाईचा मळवट

खुलताबादहून वेरूळकडं उतरणारा घाट इतका वळणाचा, की जुने ड्रायव्हर सांगायचे, गाडीचं तोंड खाली पोचलं तरी शेपूट वर दर्ग्यापाशी फुलं घेत उभं असतं. एक ट्रकवाला तर म्हणे तिसऱ्या वळणावर आपल्याच गाडीला साइड द्यायला थांबला आणि संध्याकाळपर्यंत हॉर्न वाजवत बसला. हे खरं मानायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात, भर दुपारी, त्याच वळणावर पिशोरकरांच्या वऱ्हाडाचा ट्रक आडवा झाला, आणि त्या दिवशी घाटात कुणाला हसू आलं नाही.

दुष्काळानं अडवून ठेवलेली लग्नं त्या उन्हाळ्यात बांध फुटल्यासारखी सुटली होती. हे लग्न गंगापूरकडचं. नवरीची आई लहानपणीच गेलेली, मावशीनं वाढवलेली पोर. नवरदेव मित्रांच्या मोटारीनं आधीच पुढं गेला होता. वऱ्हाड नवरीला घेऊन पिशोरला परत निघालं होतं, सोबत पाठराखीण म्हणून तीच मावशी, द्वारकाबाई, आणि द्वारकाबाईला सोबत म्हणून तिची जाऊ मनकर्णाबाई. ट्रकमध्ये माणसं किती होती? ट्रकवाला म्हणाला बसली तेवढी. म्हणजे मावतील त्याच्या दुप्पट.

जमिला त्या दिवशी बहिणीकडं खुलताबादला आली होती. ती औरंगाबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नर्स. रजेचा दिवस, बहिणीनं आंबाडीची भाजी केलेली, हात धुऊन बसायचं तेवढ्यात बहिणीचा मुलगा हबीब धावत आला. हा हबीब जीप चालवायचा, खुलताबाद ते वेरूळ, सीटा भरेपर्यंत ओरडायचा त्यामुळं आवाज फाटका.

"खाला, चलो! घाट में लारी उलट गई. भोत लोगां हैं!"

"दवाखान्यातले डॉक्टर?"

"वो भी किसी की शादी में गए."

पोस्टातून शहराला फोन लावायला बहिणीच्या नवऱ्याला पिटाळून जमिला तशीच जीपमध्ये बसली. फोन लागला तरी शहरातून गाड्या यायला तासाच्या वर जाणार, हे तिला ठाऊक होतं. आणि तासात काय काय होऊन जातं, तेही.

वळणावर पोचली तर ट्रक एका कुशीवर झोपलेला. रुखवताची भांडी रस्ताभर लोळत होती. एक तांब्याचा हंडा अजून उताराला गडगडत चालला होता आणि एक म्हातारी, डोकं फुटलेलं असताना, त्याच्यामागं धावत होती. वेरूळकडून वर आलेली शेतकरी माणसं मदतीला लागली होती, पण मदत कशी, तर जो मोठ्यानं ओरडेल त्याला चौघं मिळून ओढायचे. ओरडणाराला चार हात आणि गप्प पडलेल्याला एकही नाही.

जमिलाला मेट्रनबाई आठवल्या. त्यांनी एकदा नर्सिंगच्या पोरींना उशा मांडून शिकवलं होतं. दवाखान्याबाहेर मोठा घात झाला तर काय करायचं? उपचार नंतर. आधी निवड. जो आत्ता नेला तर वाचेल, नाहीतर जाईल, त्याला लाल फीत. जो थांबू शकतो त्याला पिवळी. आणि ज्याच्यासाठी काही करता येण्यासारखं उरलं नाही, त्याला काळी. पोरी उशांना फिती बांधताना खिदळत होत्या. एकीनं काळी फीत मेट्रनबाईंच्याच उशीला बांधली होती.

"ज्याला चालता येतंय, त्यानं त्या चिंचेखाली जावं!" जमिला ओरडली. "चालता येतंय ते सगळे! आत्ताच्या आत्ता!"

आणि काय नवल, रडणारी, कण्हणारी, 'मेलो मेलो' करणारी अर्धी माणसं उठून चिंचेखाली चालती झाली. त्या म्हातारीलाही कुणीतरी हंड्यासकट तिकडं बसवलं. आता जमिनीवर उरले ते खरे.

फिती मात्र नव्हत्या. पण लग्नाच्या गाडीत रंगांना तोटा नसतो. रस्त्यात नवरीची ट्रंक उघडी पडली होती. तीत कुंकवाचा करंडा, हळदीचा पुडा आणि काजळाची डबी. जमिलानं तिन्ही ओढणीच्या पदरात बांधली आणि हबीबला सांगितलं, "कपाळावर कुंकू, त्याला आधी जीपमध्ये. हळद, त्याला थांबव. काजळ असेल त्याला हात लावू नको."

हबीबनं मान डोलावली. जमिला दुसऱ्या माणसापर्यंत पोचली नसेल तोच त्यानं दोन धडधाकट बायका धरून जीपमध्ये बसवल्या.

"अरे, ह्या कशाला?"

"खाला, कुंकू है ना!"

बरोबरच होतं की. लग्नाचं वऱ्हाड. प्रत्येक सवाष्णीच्या कपाळावर सकाळपासून रुपयाएवढं कुंकू. जमिलानं कपाळावर हात मारला. मग बोटं करंड्यात बुडवून समोरच्या जखमी माणसाच्या कपाळावर या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत लाल पट्टा ओढला. "टिकली नाही. असा मळवट. मळवट असेल तोच आधी."

चिंचेखालून बायकांचा एकच गलका झाला. मळवट भरतात तो देवीला, नाहीतर सरणावर चाललेल्या सवाष्णीला. जित्या माणसाला, त्यातून पुरुषाला मळवट? "ही बाई करतीय तरी काय?" पण सांगत बसायला जमिलाकडं वेळ नव्हता. ती वाकत होती, नाडी बघत होती, छाती बघत होती, रंग ओढत होती, पुढं सरकत होती. प्रत्येकाला एवढासाच वेळ. त्याहून जास्त एकाला दिला तर तो दुसऱ्याच्या वाट्यातून जातो.

नवरदेवाचे चुलते नानासाहेब रस्त्याच्या कडेला पाय मोडून पडले होते आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं ओरडत होते. जमिलानं नाडी पाहिली, मांडी चाचपली, आणि त्यांच्या कपाळावर हळद ओढली.

"आं? हळद?" नानासाहेब कळ विसरले. "मी काय नवरदेव हाय का? आधी मला घ्या म्हणतो ना! वरपक्ष हाय आम्ही! मान आमचा!"

"मान खाली पिशोरला. इथं नाडी."

"लई जबान चालती तुमची!"

"तुमचीही चालतीय, म्हणून तर हळद," जमिला म्हणाली आणि पुढं गेली.

पुढं आवडाबाई बसली होती, मांडीवर पोराचं डोकं घेऊन. पोरगा म्हणजे सांडू, चांगला बावीस-तेवीसचा गडी. बाहेरून फार रक्त नव्हतं. पण त्याचा श्वास थांबायचा, वाटायचं संपलं, मग एक मोठा ओढून यायचा. जमिलानं पापण्या उचलल्या. एक बाहुली मोठी होऊन थिजली होती. कानातून पातळ पाणी येत होतं. शहर दारात असतं, टेबल तयार असतं, तरी कुणास ठाऊक. इथून, जीपमधून, घाटानं, नाही.

तो जिवंत होता. मेट्रनबाईंच्या उशा कधी श्वास घेत नव्हत्या.

जमिलानं काजळात बोट घातलं. बोट कपाळापर्यंत जाईना. शेवटी तिनं कपाळाच्या एका बाजूला काळा ठिपका टेकवला.

आवडाबाईनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं. "लई बरं केलं बाई," ती म्हणाली. "सकाळपासनं म्हणत होते मी, नवा सदरा घालून फिरतोय, दृष्ट लागंल कुणाची. तीट लावायची राहिलीच बघा."

जमिलानं काजळाची डबी मिटली. खरं सांगितलं असतं तर तिथंच बसावं लागलं असतं. "त्याचा हात धरून बसा," एवढंच म्हणून ती उठली.

ट्रकच्या चाकाला टेकून द्वारकाबाई बसली होती. पांढऱ्या पातळाला धूळसुद्धा फारशी लागली नव्हती. ओरडत नव्हती, उलट बाकीच्यांना सूचना देत होती. "ए, त्या पोराला सावलीत घ्या. नवरीला पाणी द्या आधी. मला काय झालं नाय गं, जरा बरगडीला लागलंय."

जमिलानं तिचा हात हातात घेतला. मे महिन्याच्या त्या तव्यासारख्या उन्हात तो हात गार होता. कपाळावर घाम, तोही गार. नाडी दोऱ्यासारखी बारीक आणि पळती. डावा हात बरगडीखाली दाबून धरलेला. पोटात फुटलंय काहीतरी, आतल्या आत रक्त चाललंय. अशी माणसं शेवटपर्यंत बोलतात आणि मग बोलता बोलता विझतात.

जमिलानं मळवट ओढला आणि हबीबला हाक दिली, "ही पहिली! आधी हिला!" द्वारकाबाईचा हात कपाळाकडं गेलेला तिनं पाहिला. माशी हाकलत असेल, असं वाटलं. तेवढ्यात ट्रकखाली अडकलेला एकजण सापडला म्हणून माणसांनी तिला पलीकडं ओढून नेलं.

खुलताबादच्या पोरीला हे कळायला नको होतं का? शेजारी हिंदू घरं, संक्रांतीला वाण लुटताना पाहिलेलं, विधवेचं कपाळ कोरं असतं हे तिला अलिफ-बे पेक्षा आधी ठाऊक. पण त्या घटकेला तिला कपाळ म्हणजे लिहायची पाटी झाली होती. पाटी कुणाची, हे ती विसरली.

इकडं चाकापाशी काय झालं? द्वारकाबाईनं बोटांना लागलेला लाल रंग पाहिला. क्षणभर तिला वाटलं रक्त आहे. रक्त असतं तर ती घाबरली नसती. वरपक्षाच्या बायका मघापासून कुजबुजत होत्याच, आणि कुजबुज अशी की बहिऱ्यालाही ऐकू यावी. "पांढऱ्या कपाळाची पाठराखीण आणली, मग गाडी उलटंल नाय तर काय?" आता त्यांनी हे पाहिलं तर? नवरीचं पहिलं पाऊल अजून उंबऱ्यात पडायचं होतं.

"मनकर्णे," तिनं जावेचा पदर ओढला, "पूस. पूस लवकर. बघतील ना गं."

मनकर्णाबाईनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि जावेचं कपाळ असं घासलं, की लग्नातली परातसुद्धा तेवढी कुणी घासली नसेल. मग दोघीतिघींनी मिळून तिला चिंचेच्या कडेला नेऊन टेकवलं, हळदवाल्यांच्या रांगेत, नानासाहेबांच्या शेजारी.

हबीब आला. चाकापाशी कुणी नाही. त्यानं मळवटवाले शोधले, जीपमध्ये तिघं आडवे मावले ते घेतले, आणि गेला. शहरात दारावरच्या सिस्टरला काय सांगायचं ते जमिलानं त्याच्याकडून दोनदा म्हणून घेतलं होतं: मळवट आधी, हळद मग.

जमिला ट्रकखालच्या माणसापाशी होती. त्याची मांडी बांधून ती हात पुसते तोच नानासाहेबांचा आवाज आला. मघापासून तो येतच होता, पण आता त्याची जात बदलली होती.

"अहो बाई! ओ नर्सबाई! इकडं या!"

"तुमचा नंबर आहे, थांबा."

"माझं नाय हो! ही इहीण बघा!" नानासाहेब कोपरावर उठले होते. "मघापासनं मी हिला बोलतोय. म्हणलं रुखवतात हंडा पितळी द्यायचं ठरलं होतं, तांब्याचा दिला. म्हणलं जेवणात तूप नव्हतं. आधी चांगली उत्तरं देत होती. तूप तुमच्या कानात घालायला ठेवलंय म्हणाली. आता मी तिच्या माहेरावर गेलो तरी बोलंना. हे काय बरं लक्षण नाय."

जमिला धावली. द्वारकाबाईचं डोकं एका बाजूला कलंडलं होतं. कपाळ कोरं, घासून घासून गुलाबी झालेलं. नाडी मनगटाला लागेना, गळ्याला लागली.

"हिचा मळवट कुठं गेला?"

मनकर्णाबाई पुढं झाली. "मी पुसला. तिनंच सांगितला पुसायला. तुम्हाला समजतंय का काही? रांडमुंड बाई ती. तिला कुंकू लावायचं? अन् कुंकू नाय, मळवट?"

जमिलाच्या डोळ्यापुढं तो कपाळाकडं गेलेला हात आला. माशी नव्हती. जीप कधीच घाट चढून गेली होती. तिला वाटलं, आपण हिला औषध दिलं नाही, सुई दिली नाही, नुसतं बोट लावलं, आणि तेवढ्यानं मारलं.

तेवढ्यात खालून कन्नडहून येणारी एस.टी. घुरघुरत वर आली. ड्रायव्हर पुंजाराम खाली उतरला, बघून टोपी काढली, आणि न सांगता सगळे उतारू खाली उतरवले. लोक जखमींना उचलून बसमध्ये घालू लागले. सगळ्यांना घालायचं म्हटलं तर कितीतरी वेळ जाणार होता.

"भरेपर्यंत थांबू नका," जमिला म्हणाली. "ही आत आली की गाडी सोडा."

"अन् आम्ही?" चिंचेखालून कुणीतरी ओरडलं.

"जाऊ द्या रे तिला," नानासाहेब ओरडले. "तिकडं जाऊन भांडंल. मला मागच्या गाडीनं घ्या."

जमिलानं करंडा काढला. मनकर्णाबाईनं तिचं मनगट धरलं. "हातावर लावा. पायावर लावा. कपाळाला नाय."

"बाई, हातपाय सगळ्यांचेच लाल आहेत. दारावर बसभर माणसांतून हिला कोण ओळखणार? त्यांना मी मळवट सांगितलाय."

"मग दुसरा रंग लावा."

"दुसरे दोन आहेत माझ्याकडं. त्यातला कुठला लावू?"

मनकर्णाबाईची पकड सुटेना. तेव्हा नवरी उठली. इतका वेळ ती मुंडावळ्या सावरत, मान खाली घालून, सांगतील तशी बसली होती. हिरवा चुडा कोपरापर्यंत, त्यातल्या निम्म्या बांगड्या फुटलेल्या. तिनं जमिलाच्या हातातून करंडा घेतला, चारी बोटं बुडवली आणि मावशीच्या कपाळावर मळवट भरला. इतका दाट, की कुंकू भुवयांवर सांडलं.

"कोण पुसतंय आता बघते," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता.

वरपक्षाच्या बायकांपैकी एकजण तोंडाला पदर लावून म्हणाली, "हिनं लावला. नव्या नवरीनं, रांडव बाईला." ते वाक्य या तोंडातून त्या तोंडात गेलं आणि बस हलेपर्यंत सगळ्या चिंचेखाली पोचलं. बसच्या मागच्या खिडकीत नवरी मावशीचं डोकं धरून बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मग शहरातून गाड्या आल्या, हबीबही आला, हळदवाले गेले, नानासाहेब शिव्या देत गेले. शेवटच्या गाडीत जमिला आणि आवडाबाई समोरासमोर बसल्या. सांडूचा श्वास घाट चढतानाच थांबला होता. आवडाबाई त्याचा हात धरून होती, सांगितला होता तसा. दौलताबाद मागं पडलं तेव्हा तिनं लुगड्याचा पदर ओला केला आणि त्याच्या कपाळावरचा काळा ठिपका हळूहळू पुसला. पुसताना तिनं एकदाच जमिलाकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दवाखान्यात दारावरची सिस्टर म्हणाली, "तुझ्या मळवटवाल्या बाईला टेबलावर घेतलं सरळ. पाणथरी, प्लीहा फुटलेली, पोटात रक्त साठलेलं. आणखी जरा उशीर असता तर..."

"जगली?"

"आहे. अजून आहे."

द्वारकाबाई शुद्धीवर आली ती दुसऱ्या दिवशी. आधी तिनं पाणी मागितलं नाही, ओलं फडकं मागितलं. आयाबाईनं दिलं. जमिला वॉर्डात शिरली तेव्हा तिचं कपाळ पुन्हा कोरं होतं. पायथ्याशी नवरी बसल्या बसल्या झोपली होती.

"तुम्हीच का त्या?" द्वारकाबाई म्हणाली.

"व्हय. माफ करा. माझ्याकडं दुसरा रंग नव्हता."

"मला वाचवलंत. ते ठीक झालं." तिनं नवरीकडं पाहिलं. "हिचं घर वाचलं का, ते बघून या. पिशोरवाल्या बायका काल रात्रीच गेल्या. हिला सोबत चल म्हणल्या नाहीत."

जमिला पुरुषांच्या वॉर्डात गेली. नानासाहेबांचा पाय वजन लावून टांगला होता. घाटात ज्यांचा आवाज मावत नव्हता ते आता अगदी हळू बोलले.

"बोलायला लागली का इहीण?"

"लागली. विचारतीय, नवरीला कधी नेणार?"

नानासाहेबांनी पंख्याकडं पाहिलं. पंखा बंद होता. "माझं काय हो. माझं आत्ता कोण ऐकतंय? पोराची आई म्हणती, पहिल्याच दिवशी असलं करणारी... ते बायकांचं हाय. बायका बघतील." मग त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली, त्या उकाड्यात.

जमिला परत आली. वॉर्डाच्या दारात थोडी थांबली. मग खाटेपाशी स्टूल ओढलं, द्वारकाबाईचं मनगट हातात घेतलं आणि नाडी धरली. नाडी अजून हलकी होती, पण होती.

"काय म्हणले?"

"म्हणाले, पाय बरा झाला की स्वतः येऊन घेऊन जातो सुनेला. वाजतगाजत."

द्वारकाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग डोळे मिटले. हात मात्र तिनं काढून घेतला नाही.

"खोटं बोलतीस तू, बाई," ती म्हणाली. "अजून एकदा म्हण."